झुरका, तलफ आणि छातीतली धडधड

टेन्शन आलं की एक सिगारेट मारतो, मग बरं वाटतं. हे वाक्य मानसोपचाराच्या ओपीडीत ऐकू येतं तसंच शिर्डीच्या बसस्थानकाबाहेरच्या टपरीवरही. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच बरं वाटतं. प्रश्न एवढाच, की जे गेलं ते टेन्शन आलं कुठून होतं? गेल्या शंभरेक वर्षांत डॉक्टरांनी या प्रश्नाचा बराच पिच्छा पुरवला आहे आणि त्यांची उत्तरं सगळी एका सुरातली नाहीत.

शिर्डीत हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "बाबा स्वतः चिलीम ओढायचे." साईबाबांबद्दल ते खरंच आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या 'श्रीसाईसच्चरिता'च्या पाचव्या अध्यायात धूपखेड्याच्या चांद पाटलाची गोष्ट येते. हरवलेल्या घोडीच्या शोधात थकलेला पाटील झाडाखाली बसलेल्या फकिराला भेटतो. फकीर त्याला चिलीम ओढायला बोलावतो. चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतो, सटका आपटून पाणी काढतो, छापी म्हणजे चिलमीचं फडकं भिजवतो, आणि चिलीम दोघांत फिरते. बाबा राहत त्या द्वारकामाईत भक्तमंडळींमध्येही ती अशीच हातोहात जाई. बाबांच्या वापरातल्या ज्या वस्तू संस्थानाने जपून ठेवल्या आहेत, त्यांत चिलमीही आहेत.

श्रद्धेच्या बाजूने यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण 'बाबा ओढायचे' हा युक्तिवाद सिगारेटच्या पाकिटाला टेकू म्हणून वापरला जातो तेव्हा एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बाबांनी देह ठेवला १९१८ च्या दसऱ्याला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं लंडनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी आकड्यांनी मांडलं ते १९५० मध्ये. तेव्हा त्या काळातल्या गावाला, वैद्याला किंवा फकिराला आजच्या माहितीच्या तराजूत घालण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे चिलीम एकट्याने, घाईत, दर तासाला ओढायची वस्तू नव्हती. ती भरायला वेळ लागे, पेटवायला वेळ लागे, माणसं भोवती बसत, बोलणं होई, आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागे. (एकच चिलीम सगळ्यांच्या ओठांना लागल्याने क्षयाचीही देवाणघेवाण होत असणार, तेव्हा फार हळवं व्हायचं कारण नाही.) तंबाखू तोच, पण त्याच्या भोवतालचा वेळ वेगळा. त्या वेळाकडे पुढे पुन्हा यावं लागेल, कारण सिगारेटने मिळणाऱ्या 'शांती'तला बराचसा भाग तंबाखूचा नसून त्या वेळाचा असतो.

आधी पॅनिक अटॅकबद्दल, म्हणजे घबराटीच्या झटक्याबद्दल. ज्याला येऊन गेला त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. काही कारण नसताना छातीत धडधड सुरू होते, श्वास पुरेनासा होतो, घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि 'आता आपलं काही खरं नाही' ही खात्री पटते. जेमतेम दहा मिनिटांत हे सगळं शिगेला पोहोचतं आणि बहुतेक वेळा अर्ध्याएक तासात ओसरतं. मग रिक्षा, दवाखाना, ईसीजी. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, काही नाही, घाबरलात. घरी येताना माणूस दुप्पट घाबरलेला असतो, कारण मरायची पाळी आली होती आणि मशीनला काही दिसलंच नाही. पुढचे काही आठवडे तो पुढच्या झटक्याची वाट बघत जगतो. गर्दी टाळतो, बंद जागा टाळतो, रांग टाळतो.

आणि शिर्डी म्हणजे तर रांगच. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नव्या दर्शनरांग संकुलाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून उन्हातान्हातलं तिष्ठणं बरंच कमी झालं. तरी गुरुवारी, रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, दसऱ्याला पुढेमागे माणसंच माणसं, आणि मधूनच बाहेर पडायची सोय मनाला तरी दिसत नाही. घबराटीच्या आजाराची भीती नेमकी अशा जागांना चिकटते. त्यात रांगेतला माणूस सिगारेटवाला असेल तर आणखी एक गोष्ट चालू असते, जी त्याच्या लक्षातही येत नाही. ती कळायला निकोटिनची चाल बघावी लागते.

धुरातून निकोटिन मेंदूत पोहोचायला दहा ते वीस सेकंद लागतात. शिरेतून दिलेल्या इंजेक्शनलाही इतका वेग जमत नाही. तिथे ते ज्या दारांतून शिरतं ती दारं मुळात असेटिलकोलिन नावाच्या आपल्या स्वतःच्या रसायनासाठी असतात. डोपामिन सुटतं, क्षणभर बरं वाटतं, लक्ष एकवटतं. त्याच वेळी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात: नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढते, रक्तदाब चढतो, हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून बोटं गार पडतात. म्हणजे डोक्याला शांत वाटत असताना शरीर मात्र घाबरलेल्या माणसासारखं वागत असतं.

निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सवय झालेला मेंदू तोवर पुढच्या हप्त्याची वाट बघू लागतो. बेचैनी, चिडचिड, कशात लक्ष न लागणं, छातीत अस्वस्थ. हीच तलफ. चिंता हे निकोटिन तुटल्याच्या लक्षणांपैकी अधिकृत लक्षण आहे, मानसरोगाच्या निदानाच्या पुस्तकांतही त्याची नोंद आहे. मग टपरी, झुरका, आणि दहा सेकंदांत जीव भांड्यात. रस्त्यात खड्डे पाडणाऱ्यानेच ते बुजवण्याचं कंत्राट घ्यावं, तसा हा व्यवहार. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲन्डी पॅरट यांनी १९९९ मध्ये हाच मुद्दा लावून धरला: सिगारेट ओढणाऱ्याला दिवसभरात जो आराम मिळतो तो बहुतेक वेळा न ओढणाऱ्याच्या साध्या, नेहमीच्या अवस्थेपर्यंत परत येण्याचा असतो. त्याच्या पुढचा नव्हे.

समजा, मुंबईहून रात्रीची भाडी मारणारा एखादा टॅक्सीवाला आहे. घोटीला एक चहा-सिगारेट, सिन्नरला दुसरी. पहाटे शिर्डीत उतरला, भाविकांना सोडलं, स्वतःही दर्शनाला रांगेत लागला. झोप नाही, पोटात चहा, शेवटची सिगारेट दोन तासांपूर्वीची, समोर गर्दी. तिसऱ्या तासाला छातीत धडधडतं. त्याला वाटतं हार्टचं काहीतरी आहे, किंवा बाबांच्या दारात काही चुकलं. खरं तर झोपेचा तुटवडा, कॅफिन, तलफ आणि कोंडलेपण असे चार धागे एकत्र आलेले असतात आणि प्रत्येक धागा धडधडीकडेच ओढतो. बाहेर आल्याआल्या तो सिगारेट पेटवतो. बरं वाटतं. त्याच्या मनात समीकरण पक्कं होतं: रांगेने घाबरवलं, सिगारेटने वाचवलं.

धडधड ही धडधड असते, ती झटका कधी होते? ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं उत्तर अजून टिकून आहे. शरीरातल्या साध्या खळबळीचा माणूस भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने आणखी ॲड्रेनालिन सुटतं, खळबळ वाढते, अर्थ आणखी भयंकर होतो. काही माणसं मुळातच शरीराच्या आतल्या हालचालींना घाबरणारी असतात, त्यांच्यात हे चक्र लवकर फिरू लागतं. अशा माणसाच्या हातात रोज दहा-वीस वेळा नाडी वाढवणारी आणि दर दोन तासांनी बेचैनी आणणारी वस्तू दिली तर काय होणार? घाबरायला निमित्त पुरवण्याचा तो एक कारखानाच होतो. पुढे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी वेगळ्या अंगाने विचार केला. १९९३ मध्ये त्यांनी म्हटलं की पॅनिकच्या रुग्णांच्या मेंदूतली गुदमरल्याची धोक्याची घंटा फार हळवी असते, कार्बन डायऑक्साइड थोडासा वाढला की वाजते. धूम्रपानाने फुप्फुसं दुबळी झाली, खोकला-धाप सुरू झाली, रक्तातलं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलं, तर ही घंटा अधिक वेळा वाजायला वाव मिळतो. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांत घबराटीचं प्रमाण जास्त आढळतं, त्यामागे हेही एक कारण असावं.

आता पुरावा. तो तीन-चार प्रकारचा आहे आणि सगळा एका वजनाचा नाही.

सर्वांत जुना मला आवडतो तो १९१७ चा. पहिलं महायुद्ध चालू होतं. धडधड, धाप, छातीत दुखणं अशा तक्रारी घेऊन ब्रिटिश सैनिक रांगेने रुग्णालयात येत होते, त्यांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. त्या आजाराला 'सोल्जर्स हार्ट' म्हणत. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या अशाच सैनिकांचं वर्णन डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये करून ठेवलं होतं. आजच्या डॉक्टरला त्यातल्या बऱ्याच जणांत पॅनिकच दिसेल. जॉन पार्किन्सन आणि हिल्मर कोफोड यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका सिगारेटचा तत्काळ परिणाम मोजून दाखवला: धडधाकट माणसांचीही नाडी आणि रक्तदाब वाढतो, पण या सैनिकांचा अधिक वाढतो, आणि त्यांची धाप लक्षात येण्याइतकी चढते. निष्कर्ष मात्र तोलून मांडला: अति धूम्रपान हे बहुतेकांत या आजाराचं मूळ कारण नाही, पण धाप आणि छातीच्या दुखण्यात त्याचा मोठा हात आहे. शंभराहून जास्त वर्षांनी, इतक्या यंत्रांनंतर, आपण याच वाक्याच्या आसपास फिरतो आहोत. त्याच काळात सैनिकांना रसदीबरोबर सिगारेटी मिळत होत्या, आणि १९३० च्या दशकात कॅमल कंपनी आपली सिगारेट नसांना त्रास देत नाही अशा जाहिराती छापत होती. आपल्याकडे १९६१ च्या 'हम दोनो'तल्या देव आनंदच्या लायटरने जे केलं ते कुठल्याही जाहिरातीला जमलं नसतं.

दुसरा पुरावा माणसांचा वर्षानुवर्षं माग काढणाऱ्या अभ्यासांचा. नाओमी ब्रेस्लाव आणि क्लाइन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्या तपासल्या. रोज ओढणाऱ्यांना आयुष्यातला पहिला पॅनिक अटॅक येण्याचा धोका जास्त निघाला. उलट दिशेने पाहिलं, म्हणजे पॅनिक असणारी माणसं पुढे सिगारेटला लागतात का, तर तसं दिसलं नाही. आणि सोडलेल्यांचा धोका चालू असलेल्यांपेक्षा कमी होता. पाठोपाठ २००० मध्ये जेफ्री जॉन्सन यांचा अभ्यास आला: न्यूयॉर्क राज्यातली ६८८ मुलं, सरासरी सोळाव्या वर्षी एकदा आणि बाविसाव्या वर्षी पुन्हा तपासलेली. दिवसाला वीस किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत पुढे पॅनिकचा आजार ७.७ टक्के, बाकीच्यांत ०.६ टक्के. हा आकडा पुढे वर्तमानपत्रांनी 'पंधरा पट धोका' असा मिरवला. पण अशी भरपूर ओढणारी मुलं थोडीच होती, त्यामुळे खरा धोका दोन पट असू शकतो किंवा शंभर पट, इतकी ढिलाई त्या गणितातच होती. दिशा पटते, मोजमापावर फार विसंबू नये.

तिसरा पुरावा या दोघांना आडवा जातो, आणि तो लपवणं बरोबर नाही. पंधराव्या गुणसूत्रावर एक छोटा फरक काही माणसांत जन्मतःच असतो. तो असणारी माणसं ओढू लागली की जास्त ओढतात. हा फरक नशिबाने वाटला जातो. गरिबी, घरातली भांडणं, स्वभाव यांच्याशी त्याचा संबंध नसतो. तेव्हा धूम्रपानाने चिंता होत असेल तर हा फरक असलेल्या ओढणाऱ्यांत चिंता जास्त सापडायला हवी. नॉर्वेत ५३ हजारांवर लोकांच्या पाहणीत (२०१३) ती सापडली नाही. पुढच्याच वर्षी अनेक देशांतल्या सव्वा लाखावर लोकांची माहिती एकत्र केली, तरी नाही. म्हणजे ब्रेस्लाव चुकल्या? मला तसं वाटत नाही. या जनुकीय अभ्यासांत प्रश्नावलीवरची सर्वसाधारण चिंता मोजली होती. अचानक येणारा झटका ही निराळी चीज आहे. आणि तो जनुकीय फरक दिवसाला जेमतेम एखादी सिगारेट वाढवतो, त्यातून मोठा परिणाम पकडणं कठीण. पण 'सिगारेटमुळे चिंतारोग होतो' असं ठामपणे छापणाऱ्या पत्रकांनी हे अभ्यास वाचलेले नसतात, हेही तितकंच खरं.

चौथा पुरावा सर्वांत कामाचा, कारण तो रुग्णाच्या खऱ्या प्रश्नाला हात घालतो: सोडली तर काय होईल? इंग्लंडमध्ये सोडायच्या प्रयत्नात असलेल्या ४९१ जणांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना जमलं त्यांची चिंता सहा महिन्यांनी कमी झाली, आणि जे 'टेन्शनवर इलाज' म्हणून ओढत होते त्यांची तर ठळकपणे. ज्यांना जमलं नाही त्यांची चिंता वाढली. पुढच्या वर्षी जेमा टेलर यांनी २६ अभ्यास एकत्र करून 'बीएमजे'त दाखवलं की सोडल्यावर चिंता, उदासी आणि ताण कमी होतात, आणि ही घट नैराश्याच्या गोळ्यांनी होणाऱ्या सुधारणेच्या तोडीची असते. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात अभ्यासांची संख्या १०२ वर गेली आणि चित्र तेच राहिलं. सोडल्याने मन खचतं ही भीती, निदान सरासरी माणसासाठी, निराधार ठरली आहे.

इथवरचा जवळजवळ सगळा पुरावा गोऱ्या देशांतल्या सिगारेटचा. महाराष्ट्राचं दुखणं मात्र दुसरंच. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात ओढणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, खाणारे, मळणारे, घासणारे २४.४ टक्के. देशात ओढणारे १०.७ टक्के होते, म्हणजे धुराच्या बाबतीत आपण बरेच मागे, आणि चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूत पुढे. शिर्डीपासून तासाभराच्या वाटेवरचं संगमनेर विड्यांसाठी आणि गाय छाप जर्द्यासाठी महाराष्ट्रभर माहीत आहे. विडीला 'साधी, पानाची' म्हणून सवलत देण्याची पद्धत आहे, ती चुकीची. तेंदूपान लवकर विझतं, म्हणून विडीवाला जास्त वेळा आणि जास्त खोल ओढतो, आणि निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी घेत नाही.

गालात धरलेल्या तंबाखूतून निकोटिन हळू चढतं, पण बराच वेळ चढलेलं राहतं. नाडी त्यानेही वाढते. तलफही तीच. गावातल्या बायका सकाळी मिश्री लावतात, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड हिरड्यांवर घासत अर्धा तास बसतात, आणि 'मिश्री लावली नाही तर डोकं उठतं, कसंतरी होतं' असं सांगतात. हे 'कसंतरी' म्हणजे निकोटिन तुटल्याचं लक्षण. पण अशाच एखाद्या बाईला छातीत धडधडतं म्हणून दवाखान्यात आणलं तर मिश्रीबद्दल तिला कुणी विचारत नाही. व्यसनाचा रकाना पुरुषासाठी असतो. मिश्री आणि घबराट यांच्यावर ब्रेस्लाव यांच्या तोलाचा अभ्यास आपल्याकडून यायला हवा होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तंबाखूचं व्यसन मोजलं गेलं, देशपातळीवर ते २०.९ टक्के निघालं. पण ज्या बारा राज्यांत ती पाहणी झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता.

कायद्याबद्दल थोडक्यात. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. सुट्टी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये मनाई केली. ही दुसरी बंदी घबराटवाल्यांच्या दृष्टीने मोलाची होती, कारण झटक्यानंतर माणूस पाकीट घेत नाही, एक सुट्टी घेतो. टपरीवर त्या बंदीचं काय झालं, ते कुठल्याही टपरीवर जाऊन बघावं.

शिर्डीचा एक खास प्रकार म्हणजे बाबांसमोर सोडण्याचा. गुरुवारी दर्शन झालं, 'आजपासून बंद' म्हणून पुडी किंवा पाकीट टाकलं. इच्छा खरी असते, तिचं बळही खरं. पण निकोटिनचं वेळापत्रक श्रद्धेला ठाऊक नसतं. तुटल्याची लक्षणं काही तासांत सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतात. गुरुवारचा नवस शनिवारी, घरी परतल्यावर, कामावर पहिली कटकट झाली की डगमगतो. धडधड येते. पूर्वी पॅनिकचा त्रास असलेला माणूस म्हणतो, आजार परत आला. पेटवतो. आता धडधडीवर आणखी एक भार चढतो: शपथ मोडली. सोडायचा फसलेला प्रयत्न चिंता वाढवतो हे इंग्लंडमध्ये दिसलंच. इथे त्यात देवाचीही भीती मिसळते. पालखीबरोबर चालत येणाऱ्यांचं थोडं वेगळं असावं असं मला वाटतं. कित्येक दिवस चालणं, सोबत, ठरलेला दिनक्रम. घरून निघतानाच सोडली असेल तर शिर्डी येईतो कळस मागे पडलेला असतो. नवस बोलायचाच तर निघताना बोलावा, पोहोचल्यावर नव्हे.

सोडताना घबराटवाल्याला जी मदत लागते ती दोन बाजूंची. एक बाजू निकोटिनची. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतो, पण आपल्या लोकांना तंबाखू चघळायची सवय. ते गमही तसाच चघळतात. मग निकोटिन एकदम सुटतं, उचक्या लागतात, पोटात जळजळतं, नाडी वाढते, आणि 'गमने तर जास्तच घाबरायला झालं' म्हणून डबी फेकली जाते. गम चार-सहा वेळा चावायचा, जिभेला चुणचुण लागली की गालात ठेवून द्यायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा. चहा-कॉफीनंतर लगेच घेतला तर तोंडातल्या आंबटपणामुळे तो नीट शोषला जात नाही. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन ही औषधं डॉक्टरच्या सल्ल्याने. ती मन बिघडवतात अशी मोठी शंका होती, ती १६ देशांतल्या ८,१४४ जणांवरच्या, निम्म्यांना मानसिक आजार असलेल्या, २०१६ च्या चाचणीने बरीचशी दूर केली.

दुसरी बाजू घबराटीची. अमेरिकेतले अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती किशोर फडके यांनी मराठीत घराघरांत पोहोचवली. क्लार्क यांच्या उपचाराचं तिच्याशी जवळचं नातं आहे. रुग्णाला मुद्दाम जिने चढायला लावतात, खुर्चीत गरगर फिरवतात, नळीतून श्वास घ्यायला लावतात, आणि धडधड होऊनही काही होत नाही हे त्याच्या शरीराला शिकवतात. गरज पडली तर एसएसआरआय गटातल्या गोळ्या. चटकन उतारा म्हणून घेतलेल्या अल्प्राझोलामच्या गोळीबद्दल सावध राहावं. तिचीही तलफ लागते आणि सिगारेटचाच खेळ गोळीने सुरू होतो. लोणीचं प्रवरा वैद्यकीय महाविद्यालय शिर्डीहून फार लांब नाही, तिथे मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन २०१६ पासून आहे, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही टेलि-मानस २०२२ पासून.

आणि टपरीवरच्या त्या पाच मिनिटांचं काय? ती ठेवायची. कामावरून उठणं, बाहेर येणं, कुणाशी दोन शब्द बोलणं, लांब श्वास आत घेणं आणि हळू सोडणं: झुरक्यातला हा भाग घबराटीवर खरोखर चालतो, आणि त्याला तंबाखू लागत नाही. चिलमीच्या भोवती बसणाऱ्यांना हाच भाग भरपूर मिळत असावा. सिगारेट सोडणारा बहुतेक वेळा सिगारेटबरोबर ही सुट्टीही सोडून देतो, खुर्चीला खिळून बसतो, आणि मग बेचैनीने उठून जातो तो थेट टपरीवरच.

एक इशारा इथे द्यावाच लागतो. ओढणाऱ्या माणसाला चाळिशीच्या पुढे पहिल्यांदाच छातीत दुखून घाम फुटला तर त्याला घबराट म्हणून घरी बसवू नये. धूम्रपानाने हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि तो झटका दिसायला अगदी पॅनिकसारखा असू शकतो. आधी ईसीजी, मग मानसशास्त्र.

राहता राहिला चहा, ज्याबद्दल ओपीडीत क्वचितच बोललं जातं. धुरातली काही रसायनं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात चालवतात आणि त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगाने बाहेर पडतं. सिगारेट बंद झाली की काही दिवसांत हे विकर मूळ गतीला येतं. दिवसाचे सहा कप तेवढेच राहिले तरी रक्तातलं कॅफिन साधारण दुप्पट होतं. हातांची थरथर, झोपेचं खोबरं, छातीत धडधड, आणि खापर फुटतं सिगारेट सोडल्यावर. पहिल्या आठवड्यातच कप निम्मे करावेत, संध्याकाळनंतर बंद ठेवावेत. तंबाखू खाणाऱ्यांना हा त्रास होत नाही, कारण विकराला चाळवतो तो धूर, निकोटिन नव्हे. क्लोझापिन किंवा ओलांझापिन चालू असलेल्यांनी मात्र सिगारेट सोडण्याचा दिवस आधी डॉक्टरला कळवावा. या गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण याच कारणाने वाढतं आणि मात्रा कमी करावी लागते.